उघडी वीज: लायडनच्या बरणीपासून इव्हॅल्युएशन बोर्डापर्यंत

आजच्या व्याख्यानाचं शीर्षक वाचून काही जणांना वाटलं असेल की हा विषय इंजिनिअरिंगचा आहे, इतिहासाच्या मालिकेत हा कसा काय आला? प्रश्न रास्त आहे. थोडा धीर धरा. वीज हाताळणाऱ्या माणसाला कोणत्या गोष्टी कळायला किती काळ लागला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे आज बघायचं आहे. ही कहाणी साधारण पावणेतीनशे वर्षांची आहे आणि ती आज आपल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत टेबलावर येऊन बसली आहे.

आधी हे इव्हॅल्युएशन बोर्ड म्हणजे काय, ते सांगतो. चिप बनवणाऱ्या कंपन्या आपली नवी चिप कशी चालते हे दाखवण्यासाठी एक तयार सर्किट बोर्ड देतात. तो विकत घ्यायचा, टेबलावर ठेवायचा, वीज जोडायची आणि मोजमाप करून बघायचं. मोबाइलचा चार्जर, सोलरचा कन्व्हर्टर, इलेक्ट्रिक गाडीची मोटार चालवणारा इन्व्हर्टर, अशा सगळ्यांचे बोर्ड मिळतात. दिसायला ते निरुपद्रवी असतात. हिरवी पाटी, चार काळे डबे, एखादं लुकलुकणारं एलईडी. पण आपल्या घरची २३० व्होल्टची एसी वीज रेक्टिफायरमधून कॅपॅसिटरवर साठवली की ती सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होते. पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असेल तर ४०० च्या आसपास. इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच्या काही बोर्डांवर ८०० व्होल्टसुद्धा असतात. आणि हे सगळं उघडं. वर झाकण नाही, भोवती पेटी नाही.

ही ‘पेटी नाही’ गोष्ट लक्षात ठेवा. आजचं सगळं व्याख्यान तिच्याभोवती आहे.

आता मागे जाऊ, १७४५ सालात. तोपर्यंत वीज म्हणजे काचेचा गोळा घासून निघणाऱ्या ठिणग्या. गंमत होती, करमणूक होती. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात तिचे खेळ चालत. ही वीज साठवता येईल का, असा प्रश्न त्या काळच्या अभ्यासकांना पडलेला होता. पोमेरेनियात एवाल्ड फॉन क्लाइस्ट नावाच्या धर्मगुरूला १७४५ च्या ऑक्टोबरात आणि हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात पीटर फान मुशेनब्रूक या प्राध्यापकाच्या मंडळींना त्यानंतर थोड्याच काळात, एकमेकांना पत्ता नसताना, एकच उत्तर सापडलं: काचेची बाटली.

यातला मजेदार भाग बघा. त्या वेळची समजूत अशी होती की वीज निसटून जाऊ नये म्हणून बाटली जमिनीपासून नीट अलग ठेवायला हवी. शहाणे प्राध्यापक तसंच करत होते आणि त्यांना काही मिळत नव्हतं. क्युनेअस नावाचे एक वकील हौसेखातर हा प्रयोग करून बघत होते. त्यांना हा नियम ठाऊक नसावा. त्यांनी बाटली सरळ हातात धरली. एका हातात बाटली, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी वरची तार बाजूला करायला घेतली. असा जोराचा झटका बसला की विचारू नका. मुशेनब्रूकनं तोच प्रयोग स्वतः करून बघितला आणि जानेवारी १७४६ मध्ये पॅरिसला रेओम्यूर या शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. त्याचा मतितार्थ असा, की फ्रान्सचं राज्य दिलं तरी मी हा झटका पुन्हा घेणार नाही.

हातात धरल्यावरच बाटली का चालली? कारण कॅपॅसिटरला दोन पत्रे लागतात आणि मध्ये काच. आतलं पाणी हा एक पत्रा. दुसरा पत्रा कुठं होता? तो होता माणसाचा तळहात. म्हणजे जगातल्या पहिल्या कॅपॅसिटरांपैकी एकाचा अर्धा भाग माणूस स्वतः होता. त्यानं दुसरा हात पुढं केला आणि सर्किट पूर्ण झालं. एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात. आजही प्रयोगशाळेत जुने लोक सांगतात की उघड्या सर्किटवर काम करताना एक हात खिशात ठेवा. त्यामागचं कारण हेच. हात दोन्ही असतील तर वाट हृदयावरून जाते.

पुढची गोष्ट बेंजामिन फ्रँकलिनची. अमेरिकेच्या नोटेवर दिसतो तोच हा. लायडनच्या बरण्या एकत्र जोडून त्या संचाला ‘बॅटरी’ हे नाव त्यानंच दिलं. २३ डिसेंबर १७५० ला, नाताळाच्या तोंडावर, फिलाडेल्फियात तो विजेच्या झटक्यानं टर्की पक्षी मारायचा प्रयोग करत होता. दोन मोठ्या काचेच्या बरण्या होत्या. चाळीस साध्या बाटल्यांइतकी वीज त्यांत मावते, असं त्यानं लिहिलंय. भोवती मंडळी जमलेली, गप्पा चाललेल्या. गप्पांच्या नादात त्यानं एक हात वरच्या तारांना लावला आणि दुसऱ्या हातात बरण्यांच्या बाहेरच्या बाजूला जोडलेली साखळी होती. दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की बघणाऱ्यांना मोठा लखलखाट दिसला, पिस्तुलासारखा आवाज आला. मला स्वतःला मात्र ना काही दिसलं, ना ऐकू आलं. भानच गेलं होतं. हात बधिर झाले आणि अंग कितीतरी वेळ दुखत राहिलं.

आता एक ढोबळ हिशेब करू. साधी लायडन बाटली साधारण एक नॅनोफॅरडची धरा आणि ती ४० हजार व्होल्टपर्यंत भरली असं समजा. तिच्यात एक ज्यूलपेक्षा थोडी कमी ऊर्जा होते. तशा चाळीस बाटल्या म्हणजे तीस-बत्तीस ज्यूल. आता इव्हॅल्युएशन बोर्डावरचा कॅपॅसिटर घ्या. ४७० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट. अंगठ्याहून थोडा जाड, काळा डबा. सूत्र सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे: अर्धा गुणिले कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग. उत्तर येतं ३७.६ ज्यूल. म्हणजे फ्रँकलिनच्या त्या दोन बरण्या आणि तुमच्या टेबलावरचा तो काळा डबा ऊर्जेच्या बाबतीत साधारण एकाच तोलाचे आहेत.

इथं कोणी म्हणेल, व्होल्टेज तर शंभरपट कमी आहे, मग भीती कमी. उलट आहे मंडळी. सांगतो कसं ते. हाताच्या टोकापासून टोकापर्यंत शरीराचा रोध या व्होल्टेजला साधारण हजार ओहम धरतात. फ्रँकलिनच्या बरण्या अशा वाटेनं मायक्रोसेकंदांत रिकाम्या होतात, आपल्या आकड्यांनी बघितलं तर ४० मायक्रोसेकंदांच्या घरात. बोर्डावरचा डबा अर्धा सेकंद घेतो, आणि सुरुवातीचा प्रवाह असतो ०.४ अँपिअर. हृदयाचा एक ठोका पाऊण ते एक सेकंदाचा. त्या ठोक्यात एक नाजूक क्षण असतो. तेव्हा बाहेरचा प्रवाह घुसला तर हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढं ढकलत नाही. मायक्रोसेकंदांच्या झटक्याला तो क्षण गाठायला नशीब लागतं. अर्ध्या सेकंदाला लागत नाही. फ्रँकलिन वाचला, म्हणून आपणही वाचू, असा हिशेब करू नये.

सगळेच वाचले नाहीत. ऑगस्ट १७५३. सेंट पीटर्सबर्गमध्ये गेऑर्ग रिखमान नावाचे प्राध्यापक ढगांतली वीज मोजत होते. घराच्या छपरावर लोखंडी गज, तिथून घरात तार, आणि तारेच्या टोकाला मोजमापाचं उपकरण. गज जमिनीला जोडलेला नव्हता, कारण जमिनीला जोडला तर मोजायला काय उरणार? वादळ दिसताच ते अकादमीच्या बैठकीतून निघाले आणि चित्र काढायला सोकोलोव नावाच्या खोदकाम कलाकाराला सोबत घेऊन घरी आले. उपकरणाचा आकडा वाचायला वाकले, आणि कपाळावर वीज बसली. जागीच गेले. सोकोलोव खाली फेकला गेला, पण वाचला. रिखमान यांचे सहकारी मिखाइल लोमोनोसोव यांनी या मृत्यूचं वर्णन पत्रात लिहून ठेवलं आहे. मोजणाऱ्यालाच धोका असतो, हे विज्ञानाला इथं कळलं. मोजण्यासाठी जवळ जावं लागतं आणि मोजण्यासाठी संरक्षण काढावं लागतं. रिखमान यांच्या गजाचं अर्थिंग काढलं होतं तसंच आजही कोणी ऑसिलोस्कोपच्या प्लगमधली अर्थिंगची पिन तोडतो, कारण बोर्डावरचं एक मोजमाप त्याशिवाय होत नाही. मग त्या ऑसिलोस्कोपचं सगळं धातूचं अंग ४०० व्होल्टला जाऊन बसतं. त्यासाठी डिफरेन्शिअल प्रोब नावाची वस्तू मिळते. महाग असते, मान्य. पण पिन तोडणं हा रिखमान यांचा मार्ग आहे.

आता एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे येऊ. वीज प्रयोगशाळेतून रस्त्यावर आली. १८८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या डोक्यावर तारांचं जंजाळ होतं: तार खात्याच्या, टेलिफोनच्या आणि दिव्यांच्या उच्च दाबाच्या तारा, सगळ्या एकाच खांबावर. ११ ऑक्टोबर १८८९ ला जॉन फीक्स नावाचा लाइनमन भर दुपारी, गजबजलेल्या रस्त्यावर, तारायंत्राच्या तारांवर काम करायला वर चढला. त्या तारांत धोक्याची वीज नसतेच, असं सगळे धरून चालत. पण दूर कुठंतरी त्यांतली एक तार दिव्यांच्या तारेला चिकटलेली होती. खाली हजारो लोक बघत होते आणि त्याचा देह वर तारांमध्येच अडकून राहिला. त्यानंतर शहरानं धोकादायक तारा खाली उतरवायला लावल्या.

दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १८९१ मध्ये, सेंट लुईस शहरात दहा प्रतिनिधींनी विजेच्या कामगारांची संघटना स्थापन केली. हेन्री मिलर पहिला अध्यक्ष. स्वतः लाइनमन. हाच मिलर १८९६ मध्ये वॉशिंग्टनला कामावर असताना शॉक लागून खांबावरून पडला आणि गेला. आपल्याकडचा लाइनमन आज खांबावर चढण्याआधी ‘परमिट’ घेतो, लाइन बंद झाली का ते तपासतो आणि मग रॉड लावून तिन्ही तारांचं अर्थिंग करतो. ही कागदपत्रांची कटकट वाटते. तिच्यामागे फीक्स आणि मिलर आहेत. बंद आहे असं धरायचं नाही. बंद करायचं, तपासायचं, आणि कोणी चुकून चालू केलं तरी आपल्यापर्यंत येणार नाही असं बांधून ठेवायचं.

विसाव्या शतकात प्रश्न बदलला. किती वीज मारते? हे नेमकं मोजायला हवं होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले. हातात तार धरायची, प्रवाह हळूहळू वाढवायचा आणि माणसाला मूठ उघडून ती सोडता येते का ते बघायचं. १३४ पुरुष, २८ स्त्रिया. ६० हर्ट्झच्या एसी प्रवाहाला पुरुषांची सरासरी निघाली सुमारे १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांची साडेदहा. त्यापुढं स्नायू आवळतात आणि तार सोडायची इच्छा असूनही हात सुटत नाही. ‘विजेनं धरून ठेवलं’ असं आपल्याकडं म्हणतात ना, ते हेच. याच डॅल्झिएल यांनी १९६१ मध्ये गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण तयार केलं. अमेरिकेत ते सुमारे ५ मिलिअँपिअरला तुटतं. आपल्या घरात आरसीसीबी असतो, साधारण ३० मिलिअँपिअरचा.

दुसरीकडं, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवन हे विजेचे इंजिनिअर शॉकनं थांबलेलं हृदय पुन्हा कसं चालू करायचं यावर काम करत होते. वीज कंपन्यांना आपल्या लाइनमनच्या मृत्यूंची काळजी होती, त्यातून हे संशोधन उभं राहिलं. १९५८ मध्ये त्यांचा विद्यार्थी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आलं की विजेचे जड पॅडल कुत्र्याच्या छातीवर नुसते दाबले तरी रक्तदाब थोडा वर जातो. जेम्स ज्यूड या सर्जनला घेऊन तिघांनी १९६० मध्ये शोधनिबंध लिहिला. छाती दाबून हृदय चालवण्याची जी पद्धत आज सीपीआरमध्ये शिकवतात, ती इथून आली. म्हणजे बसस्टॉपवर कोसळलेल्या आजोबांचा जीव वाचवणारी युक्ती खांबावरच्या लाइनमनसाठी केलेल्या शोधातून आली आहे.

इथं मागच्या रांगेतून प्रश्न आलाय. आरसीसीबी लावलेला असताना एवढी भीती कशाला? चांगला प्रश्न आहे, आणि बहुतेकांचा गैरसमज इथंच असतो. आरसीसीबी काय बघतो? फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत आली का, एवढंच. काही वीज तुमच्या अंगातून जमिनीत गेली तर त्याला फरक कळतो. पण कॅपॅसिटरच्या एका टोकाला एक हात आणि दुसऱ्या टोकाला दुसरा, असं झालं तर वीज कॅपॅसिटरमधून निघून कॅपॅसिटरमध्येच परत जाते. जमिनीचा संबंधच नाही. भिंतीवरच्या आरसीसीबीला याचा पत्ताही लागत नाही. प्लग काढून ठेवलेला असला तरी हे घडू शकतं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरला तर जमिनीमार्गे लागणारा शॉक टळतो, ते उत्तम. पण त्याच्या पलीकडच्या बाजूला आरसीसीबी आंधळा होतो.

तसंच आपल्या खिशातल्या टेस्टरचं. निऑन बल्बवाला टेस्टर तुमच्या अंगातून जमिनीपर्यंत जाणाऱ्या अगदी बारीक प्रवाहावर पेटतो. जमिनीशी नातं नसलेल्या, भरलेल्या कॅपॅसिटरवर तो पेटणार नाही. टेस्टर लागला नाही म्हणजे वीज नाही, हा निष्कर्ष घराच्या बोर्डावर एकवेळ चालेल. इथं तो फसवतो.

आता ती पेटी आठवा. बाजारातला चार्जर तुम्ही हातात धरता, लहान मूलसुद्धा धरतं. का? कारण क्युनेअसपासून डॅल्झिएलपर्यंतचं शहाणपण त्या प्लास्टिकच्या पेटीत आहे. आतला भाग बाहेरच्यापासून किती मिलिमीटर दूर हवा, दोन थरांचं इन्सुलेशन कुठं हवं, प्लग काढल्यावर पिनांवरची वीज किती वेळात उतरायला हवी, हे सगळं नियमांत बसवलेलं असतं. इव्हॅल्युएशन बोर्ड म्हणजे त्या पेटीतून बाहेर काढलेली वीज. सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं की हा तयार माल नाही, प्रशिक्षित माणसानं प्रयोगशाळेतच वापरावा, चालू सोडून जाऊ नये. पोरं तो कागद बाजूला सारतात, कारण त्यांना वाटतं ही वकिली भाषा आहे. खरं तर तो कागद प्रामाणिकपणे सांगतो की पेटी जे करत होती ते आता तुम्हाला करायचं आहे.

मग काय करायचं? क्रमानं सांगतो. आधी वीज तोडा. स्विचवर समाधान न मानता प्लग बाहेर काढून नजरेसमोर ठेवा. मग थांबा. अनेक बोर्डांवर कॅपॅसिटर रिकामा करणारा रोध असतो, पण तो जाणूनबुजून मोठा ठेवतात, कारण बोर्ड चालू असताना तो सतत वीज खातो आणि तापतो. १०० किलोओहमचा रोध घेतला तर आपला तो डबा ४०० वरून ५० व्होल्टवर यायला दीड मिनिटाहून जास्त लागतं. मोबाइल बघताना दीड मिनिट काहीच वाटत नाही. हात पुढं करायची घाई असताना फार वाटतं. आणि तो रोध तुटलेला असू शकतो, म्हणून त्याच्यावर विसंबायचं नाही. स्वतः रिकामं करा. स्क्रूड्रायव्हरनं दोन टोकं जोडून ठिणगी काढणं ही आपल्याकडची दुकानी पद्धत. त्यानं धातू उडतो, डोळ्यात जातो, बोर्डही मरतो. दोन किलोओहमचा, दहा वॅटचा, तारेचा रोध इन्सुलेटेड टोकांना लावून ठेवा. पाच सेकंदांत काम होतं. मग मोजा. मीटर आधी चालू असलेल्या ओळखीच्या ठिकाणी तपासा, मग बोर्डावर, मग पुन्हा ओळखीच्या ठिकाणी; मीटरच बिघडलेला असेल तर शून्य दाखवतो. आणि काम करत असताना रोध जोडलेलाच राहू द्या. काही कॅपॅसिटर रिकामे केल्यावरही थोडा व्होल्टेज पुन्हा वर आणतात. लायडनच्या बरणीतही ही खोड होती.

हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा. पायाखाली कोरडी रबराची मॅट. आणि खोलीत दुसरं माणूस हवंच, ज्याला मुख्य स्विच कुठं आहे ते ठाऊक आहे आणि ज्यानं एकदा तरी सीपीआर शिकलेलं आहे. शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी त्यानं वीज तोडायची. फ्रँकलिनभोवतीही माणसं होती, पण ती गप्पा मारत होती. सोबतीला आलेल्याचं काम लक्ष ठेवण्याचं आहे.

रात्री अकराला प्रोजेक्टची घाई, उद्या सादरीकरण, सगळे थकलेले, आणि सर्किट नेमकं आत्ताच चालत नाही. ही परिस्थिती कॉलेजात येतेच. अशा वेळी नियम म्हणजे अडथळा वाटतो. पण या प्रत्येक नियमाच्या जागी एकेकाळी एक माणूस होता, बहुतेक वेळा हुशार, अनुभवी, आपलं काम जाणणारा. मुशेनब्रूक प्राध्यापक होते, रिखमान अकादमीचे सदस्य, मिलर संघटनेचा अध्यक्ष. अज्ञानानं जेवढे गेले तेवढेच सवयीनं गेले. म्हणून इथं बसलेल्या प्राध्यापकांना एकच विनंती आहे: पुढच्या सत्रात बोर्ड हातात देण्याआधी मुलांना तो रोध, दोन तारा आणि मीटर द्या, आणि रिकामा करून दाखवा म्हणावं. जमलं, की मग प्लग जोडू द्या.

एवढं बोलून थांबतो.